क्रिकेटच्या डोळ्यांनी बेसबॉल पाहताना

22 मार्च 2023. भारतात पहाटेचे साडेचार वाजले होते आणि तिकडे अमेरिकेतल्या मायामीत वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची फायनल सुरू होत होती. जपान विरुद्ध अमेरिका. चेंडू, बॅट, झेल, सगळं ओळखीचं! पण पाचच मिनिटांत आपल्यासारख्या क्रिकेटवेड्याची विकेट पडते. चेंडू मागच्या प्रेक्षकांत गेला तरी धाव नाही आणि एकही चेंडू न मारता बॅटर आरामात पहिल्या बेसवर जातो. हे काय चाललंय?

स्ट्राइक, बॉल आणि फाउल

बॅटरसमोर एक काल्पनिक चौकट असते. चेंडू तिच्यातून गेला आणि बॅटरने सोडला, तर स्ट्राइक. बॅट फिरवून चेंडू हुकला, तरीही स्ट्राइक. चौकटीबाहेरचा चेंडू सोडला, तर बॉल. तीन स्ट्राइक म्हणजे आउट, चार बॉल म्हणजे पहिला बेस फुकट.

मैदानातल्या दोन रेषांच्या बाहेर चेंडू मारला, तर फाउल. दोन स्ट्राइक होईपर्यंत फाउल स्ट्राइक धरतात. त्यानंतर मात्र बॅटर फाउल मारत तग धरू शकतो.

'नको, थांब!' इथे चालत नाही

चेंडू आत मारला की पळायलाच हवं. पहिल्या बेसवर आधीच कुणी असेल, तर त्यालाही जागा सोडून दुसऱ्या बेसकडे धावावं लागतं. तो पोहोचण्याआधी फील्डरने चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, की तो आउट. लगेच चेंडू पहिल्या बेसवर फेकला, की बॅटरही आउट. एका चेंडूत दोन बळी! याला म्हणतात डबल प्ले. तीन बळी गेले, की संघाची पाळी संपते. अशा नऊ इनिंग असतात.

चांगला पिचर बाहेर का?

या स्पर्धेत पिचरच्या चेंडूंवर मर्यादा असते. 2023 मध्ये पहिल्या फेरीत ती 65 होती, फायनलला 95. स्पर्धा क्लबांचा मोसम सुरू होण्याआधी येते, त्यामुळे खांद्या-कोपरांची काळजी घ्यावी लागते. नऊ इनिंगनंतर बरोबरी झाली, तर दहावीपासून दुसऱ्या बेसवर एक खेळाडू आयताच उभा करतात.

आता तो शेवट पाहा

शेवटची इनिंग. जपान 3-2 ने पुढे, पिचर शोहेई ओहतानी. पहिला बॅटर चार बॉलवर बेसवर गेला. मुकी बेट्सने चेंडू जमिनीवरून मारला आणि डबल प्ले! दोन आउट. समोर आला अमेरिकेचा कर्णधार माइक ट्राउट, तेव्हा क्लबमध्ये ओहतानीचाच सहकारी. तीन बॉल, दोन स्ट्राइक. आणखी एक बॉल पडला तर ट्राउट बेसवर, एक स्ट्राइक पडला तर जपान विश्वविजेता.

ओहतानीचा चेंडू बाहेरच्या बाजूला वळला, ट्राउटची बॅट हवेत फिरली. ओहतानीने हातातला ग्लव्ह आणि डोक्यावरची टोपी भिरकावून दिली.

नियम माहीत नसते, तर हा फक्त एक हुकलेला चेंडू वाटला असता. पुढचा सामना लावाल, तेव्हा कोपऱ्यातले बॉल-स्ट्राइकचे आकडे तेवढे पाहत राहा. बाकीचा खेळ आपोआप उलगडत जाईल.