सगळं काही ‘पहिलं’!

कॅरिबियन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? निळाशार समुद्र, नारळाची झाडं, ब्रायन लारा आणि फार तर जॅक स्पॅरो. सांतो दोमिंगोत त्यातला समुद्र आहे, नारळ आहेत, लारा मात्र कुणालाच ठाऊक नाही. इथे बेसबॉल हाच धर्म. आणि चांगल्या बीचसाठी तर शहराबाहेर जावं लागतं. डॉमिनिकन रिपब्लिकच्या या राजधानीत यायचं ते जुन्या दगडांसाठी. न्यूयॉर्कच्या ऑनसाइट पोस्टिंगवर असताना मी लाँग वीकेण्डला इथे निघाले, तेव्हा टीममधल्या सगळ्यांचा एकच प्रश्न होता, ‘अगं, कॅरिबियनला जाऊन म्युझियम्स कोण बघतं?’

मी बघते! आणि तुम्हीही बघा.

ओझामा नदीच्या काठावरचा ‘सोना कोलोनियाल’ म्हणजे स्पॅनिश वसाहतीच्या काळातलं जुनं शहर. १९९० पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. गल्ल्या काटकोनात आखलेल्या, त्यामुळे हरवायची भीती नाही. पायात चांगले बूट हवेत, एवढंच. इथे फिरताना एक शब्द सतत कानावर पडतो : पहिलं. युरोपियनांनी अमेरिकेत बांधलेलं पहिलं कॅथेड्रल, पहिलं हॉस्पिटल, पहिला फरसबंद रस्ता. दुसऱ्या तासाला वाटतं, या लोकांना दुसरा नंबर माहीतच नाही की काय!

त्या पहिल्या रस्त्याचं नाव काये लास दामास, म्हणजे बायकांचा रस्ता. कोलंबसचा मुलगा दिएगो इथे गव्हर्नर होता. त्याची बायको मारिया दे तोलेदो आपल्या सख्यांना घेऊन इथे संध्याकाळी फेरफटका मारायची म्हणे. याच रस्त्यावर १७५३ सालचं दगडी सूर्यघड्याळ आहे, समोरच्या सरकारी वाड्यातल्या साहेबांना खिडकीतून वेळ कळावी अशा बेतानं उभं केलेलं. पाच कधी वाजतात याकडे डोळे लावून बसणं किती जुनं आहे बघा!

या रस्त्यावरचं एक आलिशान हॉटेल म्हणजे निकोलास दे ओवांदोचं घर. सुरुवातीची वस्ती वादळानं उद्‌ध्वस्त केल्यावर १५०२ मध्ये शहर नदीच्या या काठावर आणलं ते या गव्हर्नरानं. पुढच्या मोठ्या चौकात त्याचा पुतळाही आहे. त्याच्याबद्दल आणखी काही कळून घ्यायचं, तर कॅथेड्रलसमोरच्या बागेत जा.

तिथे कोलंबसचा पुतळा आहे, १८८७ सालचा. तो वर, बोट दाखवत. पायथ्याशी उघड्या अंगाची एक स्त्री वर चढून त्याची स्तुती लिहितेय. ही अनाकाओना, असं मानतात. या बेटाच्या मूळच्या तैनो लोकांची राणी. १५०३ मध्ये ओवांदो तिच्याकडे पाहुणा म्हणून गेला. तिनं त्याचं जंगी स्वागत केलं. त्यानं तिच्या सरदारांना घरात कोंडून जाळलं आणि तिला सांतो दोमिंगोत आणून फासावर चढवलं. तिच्याच हातात लेखणी देऊन कोलंबसची तारीफ लिहून घ्यायची! मी त्या पुतळ्यासमोर बराच वेळ बसून राहिले. आजूबाजूला पोरं कबुतरांमागे धावत होती.

कॅथेड्रल चुकवू नका. आत गार, उंच गॉथिक कमानी. इंग्लंडच्या फ्रान्सिस ड्रेकनं १५८६ मध्ये शहर लुटलं, तेव्हा महिनाभर इथेच मुक्काम ठोकला आणि २५ हजार डुकाट खंडणी घेऊनच तो हलला.

दिएगोचा राजवाडा अल्काझार आज म्युझियम आहे. पण बघताना लक्षात ठेवा, ही वास्तू पार ढासळली होती. १९५५ ते ५७ दरम्यान ती पुन्हा उभी केली. आतलं फर्निचर बघून मी फारशी हरखले नाही. मला राहून राहून दिएगोचा उसाचा मळा आठवत होता. १५२१ च्या नाताळात तिथल्या आफ्रिकन गुलामांनी बंड केलं. अमेरिकेतल्या नोंद झालेल्या पहिल्या गुलाम-बंडांपैकी हे एक. हेही ‘पहिलं’च की! पण टूरवाल्यांच्या यादीत ते सहसा नसतं.

आणखी एक पहिलं. डिसेंबर १५११. आंतोनियो दे मोंतेसिनोस नावाच्या डॉमिनिकन साधूनं रविवारच्या प्रवचनात मळेवाल्यांना तोंडावर विचारलं : कुठल्या हक्कानं तुम्ही या लोकांना असं राबवून मारता? समोर श्रोत्यांत खुद्द दिएगो. साहेब भडकले. पुढच्या रविवारी शब्द मागे घे, असा निरोप गेला. पुढच्या रविवारी मोंतेसिनोस उभा राहिला आणि तेच, आणखी कडक शब्दांत बोलला! पुढच्याच वर्षी स्पेनला तैनोंना कसं वागवायचं याचे कायदे करावे लागले. ते पाळले किती हा वेगळा प्रश्न. खाणीतली सक्तीची मजुरी आणि देवीची साथ यांत काही दशकांतच तैनो समाज उद्‌ध्वस्त झाला. त्यांचे शब्द मात्र आपण रोज वापरतो : हॅमॉक, हरिकेन, बार्बेक्यू.

मोंतेसिनोसचा अवाढव्य पुतळा समुद्राकाठी आहे. मेक्सिकोनं १९८२ मध्ये भेट दिलेला. तोंडाशी हात नेऊन समुद्राकडे बघत तो ओरडतोय. संध्याकाळी जा, ऊन उतरल्यावर.

आता कामाचं. न्यूयॉर्कहून विमानानं चारेक तास. अमेरिकेचा वैध व्हिसा असला तर भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्यापूर्वी नियम तपासा. सोमवारी बरीच म्युझियम्स बंद असतात आणि कुठे ना कुठे दुरुस्ती चालूच असते, तेव्हा आधी विचारा. स्पॅनिशची चार वाक्यं पाठ करा. आणि ‘कुठून आलात?’ला ‘इंडिया’ म्हणालात, तर समोरचा हसेल. कोलंबसला हवा होता तो इंडिया आपला. सापडलं हे बेट, आणि ‘इंदिओ’ हे नाव चिकटलं इथल्या लोकांना. माझा गाइड म्हणाला, ‘म्हणजे खऱ्या तुम्ही! पाचशे वर्षं उशीर केलात.’