शक्ती उसनी, किंमत रोख

आपल्याजवळ नसलेले बळ कुणाकडून तरी मागून आणावे, ही इच्छा माणसाइतकीच जुनी असावी. दिव्यातला जिन, विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ, सैतानाशी करार करणारा जर्मन दंतकथेतला डॉक्टर फाउस्ट या साऱ्यांच्या गोष्टी वेगवेगळ्या, पण व्यवहार एकच. मागणारा एक, देणारा एक आणि दोघांच्या मधोमध ठेवलेली एक अट. गोष्ट रंगते ती शक्तीमुळे नव्हे, त्या अटीमुळे.

गेल्या पन्नास वर्षांत हा व्यवहार एका अगदी घरगुती जागी मांडला जाऊ लागला आहे. टेबलाभोवती बसलेली चारपाच मित्रमंडळी, समोर कागद-पेन्सिल, मूठभर फासे आणि बशीत चिवडा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन खेळवेड्यांनी 1974 साली तो बाजारात आणला आणि पहिल्या खेपेला त्याच्या अवघ्या 1000 प्रती छापल्या. यात पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालते. एकजण सूत्रधार होतो आणि जग उभे करतो. बाकीचे त्या जगातली पात्रे होतात आणि काय करायचे ते बोलून सांगतात. जमले की फसले, याचा निकाल वीस पैलूंचा फासा देतो.

या खेळाच्या नियमांची पुस्तके शेकड्यांनी निघाली. पण खरी गंमत छापील नियमांच्या बाहेर आहे. जगभरचे खेळाडू आपापल्या टेबलापुरते नवे राक्षस, नवी शस्त्रे, नवे मंत्र रचतात. या घरगुती निर्मितीला ते 'होमब्रू' म्हणतात, म्हणजे घरी गाळलेली. आपल्याकडच्या भाषेत हातभट्टीची! हातभट्टीचे सारे गुणदोष तिच्यात असतात. कधी ती दुकानातल्या मालापेक्षा सरस उतरते, तर कधी पहिल्याच घोटाला आडवे करते. या भट्टीतला सर्वांत अवघड माल कोणता, असे विचारले तर मी म्हणेन, आत्मे. ज्यांना बोलावून, ज्यांच्याशी करार करून पात्राला शक्ती मिळते असे आत्मे.

या प्रकाराचा उत्तम छापील नमुना 2006 साली आला. 'टोम ऑफ मॅजिक' या पुस्तकात 'बाइंडर' नावाचे एक पात्र दिले आहे. हा बांधणारा जमिनीवर एक आकृती काढतो आणि एका 'व्हेस्टिज'ला, म्हणजे अवशेषाला, बोलावतो. हे अवशेष म्हणजे असे जीव, की ज्यांना ना स्वर्गात जागा, ना नरकात. देवांचा हातही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. जगाचा अनुभव पुन्हा एकदा घ्यावा, एवढीच त्यांची भूक. बांधणारा त्यांना एका दिवसापुरते आपले शरीर देतो, ते त्याला आपली शक्ती देतात.

यातली बरीच नावे लेखकांनी उसनी घेतली ती सतराव्या शतकातल्या एका मंत्रग्रंथातून. 'लेसर की ऑफ सॉलोमन' या संग्रहाच्या 'गोएशिया' नावाच्या भागात 72 आत्म्यांची जंत्री आहे. प्रत्येकाचा हुद्दा, प्रत्येकाची मुद्रा, प्रत्येकाचे काम ठरलेले. कुणी चोरीचा माल परत आणतो, कुणी वनस्पतींचे गुण शिकवतो. त्यातला नॅबेरियस हा घोगऱ्या आवाजात बोलतो, वक्तृत्व शिकवतो आणि गमावलेला मानमरातब परत मिळवून देतो. खेळातल्या नॅबेरियसला बांधले की पात्राला लोकांना पटवण्याची कला येते, मात्र त्याचा स्वतःचा आवाज कुत्र्याच्या गुरगुरण्यासारखा होतो. जुन्या ग्रंथातल्या एका ओळीचा किती नेमका उपयोग केला आहे पाहा! देणगी आणि खूण एकाच गोष्टीतून निघाल्या आहेत.

पण त्या पुस्तकातली सर्वांत हुशार कल्पना वेगळीच आहे. आत्म्याला बोलावल्यावर फासा टाकायचा, त्यात आपली पातळी आणि व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव मिळवायचा. बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली तर करार चांगला, नाहीतर वाईट. गंमत अशी, की करार वाईट झाला तरी शक्ती मिळतेच! फरक इतकाच, की चांगल्या करारात आत्म्याची खूण लपवता येते आणि मन आपले राहते. वाईट करारात खूण उघडी पडते आणि स्वभावावर आत्म्याची छाया येते. तिच्याविरुद्ध वागले तर पुढच्या प्रत्येक फाशातून एक वजा. म्हणजे प्रश्न 'शक्ती मिळेल का' हा नाही. 'मिळाल्यावर मी कितपत मी राहीन' हा आहे.

आता आपणच एक आत्मा घडवून पाहू. नवशिका रचणारा सुरुवात शक्तीपासून करतो. ह्याला उडता यावे, ह्याने आग ओकावी. मग त्या यादीला शोभेसे एखादे भयंकर नाव शोधतो. असा आत्मा म्हणजे किराणा मालाची चिठ्ठी. सुरुवात करावी ती दुःखापासून. समजा, एक नावाडी होता. महापुराच्या रात्री अडकलेल्या गावाला पैलतीरी नेण्याचे काम त्याच्याकडे आले आणि त्याने जास्त भाडे देणाऱ्यांना आधी नेले. शेवटच्या खेपेला परतला तेव्हा काठावर कुणी उरले नव्हते. वाचलेल्यांनी लाजेपोटी त्याचे नाव घेणे सोडले, आणि नाव गेल्यामुळे त्याला मरणोत्तरही कुठे थारा मिळाला नाही.

एवढे ठरले की बाकीचे आपोआप सुचू लागते. तो काय देईल? पाण्यावरून चालण्याची शक्ती, धुक्यात वाट दिसण्याची नजर, आणि सोबत आणखी एकाला पार नेण्याचे बळ. त्याची खूण काय? अंगावरचे कपडे कधीच वाळत नाहीत आणि जाल तिथे ओली पावले उमटतात. चोरपावलांनी किल्ल्यात शिरणाऱ्या पात्राला ही खूण केवढी महागात पडेल! त्याची छाया काय? कुणीही 'मला बरोबर घ्या' म्हटले तर नकार देता येत नाही आणि मोबदला घेता येत नाही. अट काय? आकृती वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू येईल अशा जागी काढायची आणि त्या वेळी जवळ एकही नाणे ठेवायचे नाही. सोन्याच्या थैल्या कमरेला बांधून हिंडणाऱ्या वीरांना एक मिनिटभर त्या थैल्या कुणाच्या तरी हवाली कराव्या लागतील. कुणाच्या हवाली, यावरच टेबलावर अर्धा तास वाद रंगेल. नियम असा हवा, की त्यातून गोष्ट सुरू व्हावी.

यापुढे मात्र कवीने उठावे आणि हिशेबनिसाने बसावे. नावाड्याचा आकडा 15 ठेवला असे धरू. पहिल्या पातळीचे, प्रभावाचे 3 गुण असलेले पात्र फाशावर 11 किंवा अधिक आणील तरच करार चांगला होईल. म्हणजे वीसातल्या दहा शक्यता, निम्मे पारडे. तेच पात्र पाचव्या पातळीला पोहोचले की 7 पुरेत, म्हणजे शंभरातले सत्तर. वाढत्या अनुभवाबरोबर भय कमी व्हावे, पण संपू नये.

दुसरा हिशेब अधिक फसवा. मूळ पुस्तकातल्या बऱ्याच शक्ती एकदा वापरल्यावर पाच फेऱ्या थांबावे लागते. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची, म्हणजे अर्ध्या मिनिटाची विश्रांती. लढत बहुधा थोड्या फेऱ्यांतच आटोपते, म्हणून शक्ती एका लढतीत एकदाच हाती लागते. पण दिवसाचा विचार करा. पाचव्या पातळीचा जादूगार आगीचा गोळा फेकतो तो पाच फाशांचा, सरासरी 17.5 इजा करणारा, आणि तोही दिवसातून जेमतेम एकदोनदा. आपल्या आत्म्याने दोनच फाशांची, सरासरी 7 ची, आग दिली आणि ती दिवसभरात दहा वेळा वापरली, तर बेरीज 70, चार गोळ्यांइतकी. जखम भरण्याचे तर विचारूच नका. दर अर्ध्या मिनिटाला एकच गुण भरून येतो म्हटले की बिचारे वाटते, पण तासाभरात ते 120 होतात. सावकाराच्या व्याजासारखेच हे. आकडा लहान दिसतो म्हणून घात होतो. म्हणून अमर्याद वापराची शक्ती अशी द्यावी, की साठवून तिचा डोंगर होऊ नये. पाण्यावरून शंभर वेळा चाललात तरी तुम्ही फक्त पलीकडेच पोहोचता!

छायेच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. तिने खेळाडूच्या हातून पात्र हिसकावून घेता कामा नये. 'तू आता मित्रावर वार करतोस' असे सूत्रधाराने सांगणे ही छाया नव्हे, दंडेली झाली. चांगली छाया खेळाडूपुढे पेच टाकते आणि उत्तर त्याच्यावर सोडते. वजा एक सोसायचा की अनोळखी भिकाऱ्याला नावेत घ्यायचे? निवड त्याची राहिली तरच पश्चात्तापही त्याचा राहतो.

आत्मे आणि करार हा विषय या खेळाला एकेकाळी चांगलाच भोवला होता. 1983 साली अमेरिकेत एका आईने आपल्या मुलाच्या आत्महत्येचा दोष या खेळाला देऊन त्याविरुद्ध संघटना काढली. खेळातून मुले सैतानाच्या नादी लागतात, असा गवगवा झाला. पुढच्या अभ्यासांत तसा कार्यकारणसंबंध आढळला नाही; पण धसका असा बसला, की 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्दच गाळून टाकले. त्याच खेळात सतरा वर्षांनी मंत्रग्रंथातल्या नावांनिशी करारांचे पुस्तक निघाले. त्या आईच्या दुःखाची थट्टा करू नये. मात्र तिने ज्याला साधना समजले ते नाटक होते. नट रावण करतो म्हणून सीतेला पळवत नाही.

तरीही नाटकालाही मर्यादा असते, आणि ती आपल्याला अधिक लवकर कळावी. 1980 साली निघालेल्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकात ग्रीक, नॉर्स देवांच्या रांगेत इंद्र, अग्नी आणि कालीही होत्या. राक्षसांप्रमाणेच प्रत्येकाला किती घाव सोसवतील याचे आकडे लावलेले. झ्यूसला आज फारसे कुणी नवस बोलत नाही, कालीच्या दारात मात्र आजही रांग असते. हा फरक त्या पुस्तकाला दिसला नाही.

मराठी खेळाडू आत्मा रचायला बसला की त्याचा हात साहजिकच घरच्या फडताळाकडे जाईल. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा पाहा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. देणगी, खूण आणि मोल यांचा असा एकजीव मेळ कोणत्या खेळाच्या पुस्तकात सापडेल? मोह होणारच. पण आरवलीच्या माणसाला वेतोबा म्हणजे पातळी, आकडा आणि वजा एक नव्हे. तो घरचा थोरला आहे. त्याच्याकडून बांधणी शिकावी, नाव घेऊ नये. झिजणाऱ्या वहाणांवरून दुसरे काही सुचू द्यावे. रोज रात्री एक वात जाळणारा पहारेकरी, किंवा गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला चांभार. उसने घेण्यातही एक करार असतोच, आणि त्यातली अट आपणच आपल्याला घालायची असते.

म्हणून हा उद्योग पोरखेळ वाटला तरी पोरकट नाही. फुकट शक्ती वाटणारा आत्मा कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो नावाडी, ज्याच्यामुळे एखाद्या रात्री चार मित्र अर्धा तास भांडले, की भरलेल्या नावेत त्या पाचव्याला घ्यायचे की नाही. नियमपुस्तकात याचे उत्तर नसते. ते ज्याचे त्याने द्यायचे असते, ओल्या पावलांनी उभे राहून.