ओकानागन खोऱ्यातील वणवे
केलोना, ब्रिटिश कोलंबिया

रा. रा. संपादक यांस,


बारामती-इंदापूरच्या माळावर वाढलेल्या वाचकास येथील अरण्याची कल्पना सहज यावयाची नाही, म्हणून प्रथम या मुलुखाचे मान सांगतो. कॅनडातील हा प्रांत क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सुमारे तिप्पट असून त्याची लोकसंख्या एकट्या पुणे जिल्ह्याहून कमी आहे. शेकडा नव्वदांहून अधिक भूमी सरकारच्या मालकीची आणि निम्म्याहून अधिक सूचिपर्णी वृक्षांनी व्यापलेली. २०१७ व २०१८ साली प्रत्येकी बारा लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र येथे जळाले, आणि २०२३ च्या एका मोसमात सुमारे २८ लाख हेक्टर. म्हणजे घाटमाथ्यापासून भीमेच्या काठापर्यंतचा आपला संपूर्ण जिल्हा जवळजवळ दोन वेळा जळावा इतके.

२९ जून २०२१ रोजी येथील लिटन या लहानशा गावी पारा ४९.६ अंशांवर गेला. आपल्या माळावरचा वैशाखही इतका कठोर होत नाही, आणि हे गाव तर पन्नासाव्या अक्षांशावरचे. दुसऱ्याच दिवशी सायंकाळी ते बहुतेक सारे जळून गेले व दोन माणसे मृत्युमुखी पडली. पुढे नोव्हेंबरात अतिवृष्टी झाली, तेव्हा जळून उघड्या पडलेल्या उतारांनी पाणी धरले नाही आणि दरडी कोसळून हमरस्ते तुटले. ऑगस्ट २०२३ मध्ये केलोनासमोरच्या डोंगरावर पेटलेल्या वणव्याच्या ठिणग्या वाऱ्याबरोबर ओकानागन सरोवर ओलांडून अलीकडच्या तीरावर पडल्या. येथे आधी स्थलांतराचा इशारा निघतो, म्हणजे सामान बांधून सज्ज राहावे. मग हुकूम निघतो, म्हणजे तत्क्षणी घर सोडावे. हा शिरस्ता बहुतेक लोक निमूटपणे पाळतात, आणि म्हणूनच त्या वणव्यात घरे गेली तरी माणूस गेला नाही.

या वणव्यांमागे उष्णता वाढली हे कारण खरेच आहे. पूर्वीच्या कडाक्याच्या हिवाळ्यात जो भुंगेरा मरून जाई, तो सौम्य हिवाळ्यांत तगून राहिला. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या किड्याने पाइनची साल पोखरीत सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टर अरण्य ग्रासले आणि वाळक्या लाकडाची रास मागे ठेवली. परंतु मला अधिक गंभीर वाटते ते दुसरे कारण. या खोऱ्यातील मूळ निवासी जमाती, वसंतात किंवा शरदात, जमीन ओलसर असताना आणि वारा पडलेला असताना, रानाचे ठराविक तुकडे मंद आगीने जाळीत असत. त्यामुळे हरणांना कोवळे गवत मिळे, हकलबेरीची झुडुपे पुन्हा फुटत, आणि जाड सालीचे जुने पाइन वृक्ष सुरक्षित राहून त्यांच्या पायथ्याचा पाचोळा व दाट रोपटी तेवढी जळून जात. १८७४ साली सरकारने रानात आग लावण्यास मनाई करणारा कायदा केला. पुढे प्रत्येक वणवा दिसताक्षणी विझविणे हेच वन खात्याचे कर्तव्य ठरले. आणि जो पाचोळा दर काही वर्षांनी जळावयाचा, तो साठत राहिला, जी रोपटी मरावयाची, ती वाढून जमिनीवरच्या आगीला शेंड्यापर्यंत नेणारी शिडी बनली. २००३ साली याच केलोनाची दोनशेहून अधिक घरे जळाल्यानंतर गॅरी फिल्मन यांच्या चौकशी अहवालाने नियंत्रित जाळणीची शिफारस केली होती. त्या शिफारशीवर वीस वर्षांत फारच थोडा अंमल झाला, हे मला अक्षम्य वाटते. आता कोठे प्रांत सरकार मूळ निवासींना बरोबर घेऊन अशी जाळणी पुन्हा करू लागले आहे.

हे इतके विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की त्याच सुमारास इंग्रजी अमलाने १८७८ च्या कायद्याने आपल्याकडेही राखीव वनात आग पेटविणे गुन्हा ठरविले, आणि सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य व इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे गवताळ रान आजही त्याच परंपरेच्या बंदोबस्तात आहे. तेथील प्रश्न येथल्याहून निराळा आहे, हे मी जाणतो. आपले रान गवताचे. ते उन्हाळ्यात बेफाम पेटले तर चिंकाऱ्याची पाडसे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी होरपळतात व मेंढरांचा चारा जातो, त्यामुळे वन खात्याच्या जाळरेषा, म्हणजे आग अडविण्यासाठी आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, हव्यातच. उसाचे पाचट पेटवून निघालेली ठिणगी माळावर जाऊ नये, हे पाहणे शेतकऱ्याचेही काम आहे. मात्र गवत केव्हा वाळते, वारा कोठून वळतो, कोणता तुकडा राखावा, हे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगरांइतके कोणास ठाऊक असणार? येथील मूळ निवासींना केवळ आगलावे समजून दूर ठेवण्याची चूक या प्रांताने शतकभर केली, आणि तिची किंमत मी येथे पाहत आहे.

कडबनवाडीस व शिर्सुफळास वन खात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, हे वाचून आनंद झाला. थंडी सरता सरता तेथे जाळरेषांचे काम निघते, त्या वेळी त्यांची आखणी कोण करते आणि वाडीवरच्या मेंढपाळांना कोणी बोलावते काय, एवढा तपशील आपल्या तालुका बातमीदाराकडून मिळवून अवश्य कळवावा. येथील वन अधिकाऱ्यांशी बोलताना तो मला उपयोगी पडेल.