ठसा एकाचा, नमुना घराण्याचा

गुन्हा सिद्ध झालेल्यांच्या बोटांचे ठसे जपून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. ठशांचे वर्गीकरण करणारे कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाले. ती पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पुढे १९२० च्या कायद्याने कैद्यांच्या बोटांचे व पावलांचे ठसे आणि छायाचित्र घेण्यास परवानगी दिली. तीही मुख्यतः, गुन्हा किमान एक वर्षाच्या सक्तमजुरीला पात्र असेल तेव्हा.

४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ही चौकट बरीच रुंद केली. आता कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीच्या ठशांबरोबर डोळ्यांचे स्कॅन, सही, हस्ताक्षर आणि रक्तासारखे जैविक नमुनेही घेता येतात. नकार देणे हा गुन्हा ठरतो. या नोंदी राष्ट्रीय पातळीवर ७५ वर्षे ठेवल्या जातात. कायदा या साऱ्याला एकच शब्द वापरतो : मोजमाप. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र बोटाचा ठसा आणि रक्ताचा थेंब यांत मोठा फरक आहे.

बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात आणि एकाच वारेतल्या जुळ्यांच्याही सारख्या नसतात. ठसा माणूस कोण एवढेच सांगतो. त्याला कोणता आजार होऊ शकतो किंवा त्याचे वडील कोण, हे ठशावरून कळत नाही.

डीएनए तपासणीत प्रयोगशाळा संपूर्ण डीएनए वाचत नाही. त्यातील ठरावीक जागी एखादा छोटा तुकडा किती वेळा पुन्हा आला आहे, हे मोजले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहासाठी २०१७ पासून अशा २० जागा तपासल्या जातात. त्यातून मिळणारी आकड्यांची यादी म्हणजे डीएनए प्रोफाइल. त्यावरून आजारांविषयी फारसे काही कळत नाही. पण त्यातले निम्मे आकडे आईकडून व निम्मे वडिलांकडून आलेले असतात. म्हणून एकाच्या प्रोफाइलवरून त्याच्या भावाचा किंवा मुलाचाही माग लागू शकतो. त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नसला, तरी ते शोधाच्या टप्प्यात येतात.

मूळ नमुन्याची गोष्ट याहून नाजूक आहे. तो जपून ठेवला, तर पुढे कधीही तपासून आनुवंशिक आजारांची माहिती काढता येते.

या तंत्राचे मोल निर्विवाद आहे. इंग्लंडमधील लेस्टरजवळ १९८० च्या दशकात दोन मुलींचे खून झाले. एका तरुणाने त्यांपैकी एका खुनाची कबुलीही दिली होती. डीएनए तपासणीने तो निर्दोष ठरला आणि खरा गुन्हेगार १९८८ मध्ये तुरुंगात गेला.

त्याच ब्रिटनला पुढे नियम बदलावे लागले. निर्दोष सुटलेल्यांचेही नमुने बेमुदत ठेवणे हा खासगीपणाचा भंग आहे, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००८ मध्ये दिला. त्यानंतर २०१२ च्या कायद्याने प्रोफाइल आणि नमुना वेगळे केले. दोषींचे प्रोफाइल ठेवता येते. मूळ नमुना मात्र साधारणपणे सहा महिन्यांच्या आत नष्ट करावा लागतो.

आपल्याकडे ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी १९६१ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याच्या एका खटल्यात सांगितले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हा निकाल २०१७ चा. डीएनए संग्रहासाठी स्वतंत्र नियमावली आणू पाहणारे विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. २०२२ च्या कायद्यानुसार, आधी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटली तर तिच्या नोंदी नष्ट होतात. न्यायालय वेगळा आदेश देऊ शकते. पण दोषींच्या मूळ नमुन्याचे काय, याची मुदत हा कायदा घालून देत नाही.

शिक्षा गुन्हा करणाऱ्याला होते. त्याच्या रक्तातली माहिती मात्र त्याच्या लेकराबाळांचीही असते. म्हणूनच नमुना कधी नष्ट करायचा, हे कायद्यातच लिहिलेले असायला हवे.