गटप्रकल्पातील वाद आणि श्रमाचा हिशेब

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांत हिशेबाच्या दोन रीती आढळतात. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्या जोडप्याची गाडी कारखान्याच्या काट्यावर स्वतंत्र तोलली जाते व ते वजन त्याच कोयत्याच्या नावे लागते. ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या टोळीत मात्र अनेक कोयत्यांचा ऊस एका वाहनात भरला जातो. काट्यावर वजन होते ते साऱ्या टोळीचे. कोणी किती मोळ्या बांधल्या हे काट्यास कळत नाही.

विद्यार्थ्यांचा गटप्रकल्प या दुसऱ्या प्रकारात मोडतो. अहवाल एक, गुण बहुधा सर्वांस सारखे. फ्रेंच कृषि-अभियंता रिंगेलमान याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढली की दरमाणशी जोर घटतो, असे आढळले होते. त्याने याचे कारण मुख्यतः ताळमेळाच्या अभावात पाहिले, ही गोष्ट सहसा विसरली जाते. पुढे लाताने व त्याचे सहकारी यांनी १९७९ मध्ये टाळ्या व आरोळ्यांचे प्रयोग करून प्रयत्नही कमी पडतो, असे दाखविले. तर १९८१ च्या प्रयोगांत, प्रत्येकाचा वाटा ओळखू येईल असे सहभागींस वाटताच ही कसूर बव्हंशी नाहीशी झाली. सबब सोबत्यावर आळसाचा आरोप करण्यापूर्वी कामाची वाटणी स्पष्ट होती काय, हे पाहणे न्याय्य होय.

समजा, स्थलांतरित ऊसतोड कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणावर पाच विद्यार्थी प्रकल्प करीत आहेत. कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाव सोडतात व मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. दोघे म्हणतात, कारखान्याच्या तळावर, कोप्यांतच जावे. तिघांना गावी राहिलेल्या आजी-आजोबांच्या मुलाखती पुरेशा वाटतात. येथे मतमोजणी केल्यास दोघे हरतात आणि बहुधा मनाने प्रकल्पातून बाहेर पडतात. मेरी पार्कर फॉलेट या विदुषीने १९२५ च्या सुमारास आपलेच उदाहरण दिले आहे : हार्वर्डच्या ग्रंथालयात एकास खिडकी उघडी हवी होती, तिला बंद, शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतील खिडकी उघडली गेली. दोहोंची मागणी नव्हे, गरज पाहिली गेली. आपल्या पाचांपैकी दोघांस आईबापांचे म्हणणे हवे आहे, तिघांस खर्चाची व मुलींच्या मुक्कामाची चिंता आहे. आजोबांच्या ओट्यावरून सायंकाळी तळावर दूरध्वनी केल्यास दोन्ही गरजा बऱ्याच अंशी भागतात. अर्थात कोपी डोळ्यांनी दिसत नाही. ती उणीव अहवालात नमूद करावी.

श्रमाचा तंटा याहून अवघड. गटातील एखादा विद्यार्थी स्वतः ऊसतोड कुटुंबातील असतो. त्याच्या ओळखीने दारे उघडतात, त्याच्यामुळे लोक मोकळे बोलतात. परंतु अहवालात दिसते ती संगणकावर मजकूर बसविणाऱ्याची मेहनत. यास्तव कोणी कोणाची भेट ठरविली, मुलाखत घेतली, उतरविली, याची दैनंदिन नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. तक्रार आल्यावर मागितलेली नोंद म्हणजे साक्षीपुरावाच ठरतो. सहाध्यायांनी परस्परांस गुप्तपणे गुण देण्याची पद्धत मात्र आम्हांस धोक्याची वाटते; लहान गावी अशा गुणांत जात व भावकी सहज शिरते. त्यापेक्षा अध्यापकाने प्रत्येकाची दहा मिनिटे तोंडी परीक्षा घ्यावी.

निष्कर्षांविषयीचा मतभेद मिटविण्याची तर निकडच नाही. चौकशी समित्यांच्या अहवालांस भिन्नमतपत्रिका जोडली जाते. तशी दोन पाने विद्यार्थ्यांच्या अहवालासही, सहीनिशी, जोडता येतात.