प्रोस्टेटची बायोप्सी आणि घरी परतल्यानंतरचे दिवस

पेण अथवा रोह्याच्या बाजारपेठेत पेढी सांभाळणाऱ्या साठीपुढील गृहस्थांच्या रक्ततपासणीत पीएसए वाढलेला निघाला, की पुढचा प्रवास बहुधा पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईचा असतो. प्रोस्टेटची बायोप्सी तेथे होते आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी परततो. जंतुसंसर्ग झालाच, तर ताप मात्र पुढील काही दिवसांत, घरी असताना येतो. रोह्याहून पनवेल रेल्वेने सुमारे 75 किलोमीटर. या अंतराचा विचार बायोप्सीच्या आधीच झालेला बरा.

अनेक वर्षे रूढ असलेल्या पद्धतीत सोनोग्राफीची नळी गुदाशयात ठेवतात व त्याच्या भिंतीतून सुई घालून ग्रंथीचे दहा-बारा सूक्ष्म तुकडे घेतात. सुईबरोबर आतड्यातील ई. कोलायसारखे जंतू ग्रंथीत, क्वचित रक्तातही पोहोचतात. म्हणून आधी प्रतिजैविक देतात. दीर्घकाळ ते सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातील असे. आपल्या देशात मात्र या वर्गाला दाद न देणारे ई. कोलाय आता फार आढळतात. जुलाब झाले, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना दोन गोळ्या आणल्या आणि दुपारी पुन्हा गल्ल्यावर बसले, ही आपल्या व्यापारी घरांतील सवय येथे नडते. गेल्या सहा महिन्यांत घेतलेले प्रत्येक प्रतिजैविक डॉक्टरांना सांगावे. नाव आठवत नसल्यास रिकामे पाकीट न्यावे. मधुमेह, नुकतेच रुग्णालयातील वास्तव्य, परदेशप्रवास, लघवीची नळी, रक्त पातळ करणारी औषधे यांचीही माहिती द्यावी.

दुसरी पद्धत अंडकोश व गुदद्वार यांमधील त्वचेतून सुई घालण्याची. आतड्याची भिंत ओलांडावी लागत नसल्याने तीत संसर्ग कमी होतो. युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे तिलाच प्राधान्य देतात. ही सोय आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? गुदाशयातूनच बायोप्सी करावयाची असेल, तर तो पोव्हिडोन-आयोडीनने निर्जंतुक करणे व आधी तेथील स्रावाचे कल्चर करून योग्य प्रतिजैविक निवडणे, हे उपाय आहेत. आधी एमआरआय केल्यास काहींची बायोप्सी टळतेही.

चौविहार पाळणाऱ्यांनी, तसेच पर्युषणात उपवास करणाऱ्यांनी तारीख ठरवितानाच तसे सांगावे. गोळ्यांच्या वेळा दिवसा बसविता येतील का, पाणी किती प्यावे, तारीख पर्वानंतर नेल्यास चालेल का, हे डॉक्टरच ठरवतील. परस्पर मात्र एकही गोळी चुकवू नये.

नंतर काही दिवस लघवीत वा शौचात थोडे रक्त दिसते. वीर्यात ते काही आठवडेही राहते. त्याने घाबरू नये. परंतु 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा अधिक ताप, हुडहुडी, लघवी अडणे अथवा रक्ताच्या गाठी यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. तेथे रक्त व लघवीचे कल्चर घेऊन शिरेतून औषध सुरू करतात.

रात्री उघडे असणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच ठरवून ठेवावे. पावसाळ्यात महामार्गाचा भरवसा नसतो. बायोप्सीची तारीख, पद्धत, दिलेल्या प्रतिजैविकाचे नाव व डॉक्टरांचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहावा. ती चिठ्ठी गाडी चालविणाऱ्या मुलाच्या खिशात असावी, दुकानातील फायलीत नव्हे.