गवतावर जगलेला किनारा

ब्रिटन बेटाच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ मुलूख आहे. त्याच्या समुद्रकाठी केरेडिगिऑन नावाचा जिल्हा आहे. कार्डिगनशायर हे त्याचे जुने इंग्रजी नाव. पश्चिमेला कार्डिगनचा उपसागर, पूर्वेला कॅम्ब्रियन डोंगररांग आणि दक्षिणेला टायवी नदी. प्लिनलिमन हा येथील सर्वांत उंच डोंगर, ७५२ मीटर. सेव्हर्न आणि वाय या मोठ्या नद्या त्याच्याच कुशीत उगम पावतात.

जमीन हलकी, आम्लधर्मी, पाऊस बारमाही. दाणा पिकायला ऊन पुरत नाही, गवत मात्र जोमाने वाढते. त्यामुळे जनावरे आणि मेंढ्या हाच येथला संसार. ट्रेगॅरन गावी काळ्या गुरांचे तांडे जमत आणि डोंगर ओलांडून पार लंडनच्या बाजारापर्यंत पायी जात. वाट खडकाळ, म्हणून बैलांना नाल मारीत. खूर दुभंगलेला, तेव्हा एका जनावराला आठ पत्र्या लागत. हंसांचे पाय तर आधी डांबरात आणि मग वाळूत बुडवून काढीत! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस येथील एका पेढीने नोटांवर काळ्या मेंढ्या छापल्या होत्या. एका पौंडाला एक मेंढी, दोन पौंडांना दोन. अक्षरओळख नसलेल्यालाही हिशेब कळावा अशी ही नोट होती.

पुढे आगगाडी आली, १८६४ मध्ये ॲबरिस्टविथपर्यंत, आणि तांडे थांबले. पण माणसांची रीघ सुरूच राहिली. या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांनी लंडनमध्ये गोठे आणि दुधाची दुकाने थाटली. घरची शेती लहान आणि बहुतेक कुळे, मग दुसरे काय करणार?

जमिनीचे दुखणे येथे जुनेच होते. पडीक गायरानावर एका रात्रीत घर उभे करून पहाटे धुराड्यातून धूर काढला, की ते घर आपले होते, अशी लोकांची समजूत होती. कायद्याने मात्र ते कधी मानले नाही. १८२० च्या सुमारास सरकारने गायराने बंदिस्त करून विकली, तेव्हा ब्रॅकनबरी नावाच्या इंग्रज गृहस्थाने मिनिड बाख डोंगरावर जमीन घेतली. चराई आणि जळणाची माती गेल्याने गावकरी खवळले. पुरुषांनी बायकी वेष घेऊन त्याचे घर जाळले, पुढे बांधलेली गढीही पाडली. शेवटी तो जमीन विकून गेला. १८६८ च्या निवडणुकीनंतर मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिले म्हणून कित्येक कुळांना घर आणि शेत सोडावे लागले. तेव्हा मत उघडपणे सांगावे लागे. या हकिकतींची भर पडून १८७२ मध्ये गुप्त मतदानाचा कायदा झाला.

विस्तार खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला या जिल्ह्यातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वेगळीच वाटते. १९१९ मध्ये ॲबरिस्टविथ येथे वेल्श वनस्पती-पैदास केंद्र निघाले. त्याचे पहिले संचालक जॉर्ज स्टेपलडन. त्यांनी गवताला पीक मानले! तोवर गवत म्हणजे आपोआप उगवणारी गोष्ट, बी कुठलेही चाले. त्यांनी जुन्या कुरणांतील टिकाऊ, पानेदार झाडे हिंडून गोळा केली, त्यांतून निवड केली आणि एस-२३ सारखे रायगवताचे वाण दिले. डोंगरकुरणे सुधारण्याचा त्यांचा मार्ग साधा होता : चुना टाकून आम्लता कमी करा, पोलाद भट्टीतून निघणाऱ्या चुऱ्यातून स्फुरद द्या, नांगरून चांगले गवत आणि पांढरे क्लोव्हर पेरा. क्लोव्हरच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात आणि ते गवताला मिळते. हे काम आज तेथील विद्यापीठाच्या संस्थेत चालू आहे.

जमीन कोणाच्या हाती राहणार, ही काळजी मात्र सरलेली नाही. जिल्ह्याची वस्ती २०२१ मध्ये सुमारे ७१,५०० होती. वेल्श बोलणारे २००१ मध्ये ५२ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४५ टक्क्यांवर आले. आणि शेतकरी घरांत ही भाषा विशेष टिकून आहे. अनुदान हवे तर शेताच्या दहा टक्के जागेवर झाडे असावीत, अशी अट वेल्स सरकारने सुचवली, तेव्हा २०२४ च्या फेब्रुवारीत हजारो शेतकरी राजधानी कार्डिफ येथे जमले. कुरण गेले तर मेंढी गेली, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती अट मागे घेण्यात आली.